न्याहारीच्या वेळी सूर्यास्त

फ्यूजकाकांनी आयुष्यात एकदाच, आणि तेही शेजाऱ्यांनी धरून नेलं म्हणून, जिन्यातला फ्यूज बदलला होता. तेव्हापासून अख्खी सोसायटी त्यांना फ्यूजकाका म्हणते. एका विमा कंपनीच्या आवक-जावक विभागात त्यांनी इतकी वर्षं मान मोडून काम केलं, एक कागद इकडचा तिकडे होऊ दिला नाही, पण त्यावरून त्यांना कुणी आवककाका म्हटलं नाही. माणसाला नाव मिळतं ते त्याच्या हातून चुकून घडलेल्या कामावरूनच, हे त्यांनी आता निमूट मान्य करून टाकलं होतं.

त्यामुळे सोसायटीच्या नाट्यमंडळाच्या बैठकीत "या वर्षी लाइट्स कोण बघणार?" हा प्रश्न निघाला, तेव्हा सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या. काका त्या वेळी चहाच्या कपात बुडालेला बिस्किटाचा तुकडा चमच्याने शोधत होते.

"मी?" काका म्हणाले. "अहो, मला त्यातलं काही कळत नाही."

"विजेचं तुम्हाला कळत नाही, तर मग कुणाला कळतं?" दातांचे डॉक्टर म्हणाले.

हे दातांचे डॉक्टर मंडळाचे लेखक आणि दिग्दर्शक. त्यांना नाटकं दवाखान्यातच सुचत. रुग्णाच्या तोंडात दोन्ही हात घालून ते त्याला कथानक ऐकवत, आणि आजवर एकाही रुग्णाने कथानकावर आक्षेप घेतलेला नव्हता. त्यामुळे आपल्या लेखनाबद्दल त्यांचं मत फार चांगलं होतं. यंदाचं नाटक एका घरात, एका दिवसात घडत होतं: पहाट, न्याहारी, दुपार, संध्याकाळ, रात्र. "म्हणजे बघा, या नाटकाचा खरा नायक प्रकाश आहे," डॉक्टर म्हणाले. त्यावर वडिलांची भूमिका करणारे सोसायटीचे सचिव रुसले, आणि बाकीची बैठक त्यांची समजूत काढण्यात गेली. काकांचा नकार तेवढ्यात इतिवृत्तात होकार म्हणून लिहून झाला.

तसा काकांनी दुसऱ्या दिवशी जाऊन नकार दिलाही असता. नकार देण्याची त्यांना सवय नव्हती, पण पाठीच्या दुखण्याचं कारण तयार होतं. आड आल्या त्या काकू.

काकू या मंडळाच्या प्रॉम्प्टर. मंडळ जन्माला आलं तेव्हापासून त्या दर नाटकात विंगेच्या काळोखात एका मोडक्या स्टुलावर बसत आणि विसरणाऱ्यांना वाक्यं पुरवत. सचिव तर वाक्यं घरी ठेवूनच यायचे. रंगमंचावर आजवर जेवढे संवाद गाजले, त्यातले बरेचसे आधी काकूंच्या तोंडून, दबक्या आवाजात, निघालेले होते. यंदा मात्र आत्याची भूमिका करणाऱ्या बाईंची दूरच्या शाखेत बदली झाली, ऐनवेळी दुसरं कुणी मिळेना, आणि काकूंना सगळंच पाठ होतं. आत्या नाटकभर मागच्या खुर्चीत बसून विणत असते, कुणी तिला काही विचारत नाही. अगदी शेवटी, सगळे झोपायला गेल्यावर, तिचं एक स्वगत. मग अंधार, पडदा.

त्या रात्री जेवताना काकू म्हणाल्या, "अहो, लाइट्स तुमच्याकडे आलेत म्हणे."

"आलेले नाहीत. टाकलेत."

"बरं झालं. दुसऱ्या कुणाला सांगायला मला संकोच वाटला असता." काकूंनी ताटाकडे बघतच पुढचं सांगितलं. "मला ते निळं, जांभळं काही नको. शेवटचं बोलताना मी दिसले पाहिजे. एवढं बघा."

लग्नाला इतकी वर्षं झाली, या बाईने कधी मागितलं नव्हतं असं काही. काकांनी पाठीचं दुखणं गिळलं.

*

हॉल नवा होता आणि त्यातलं लाइट्सचं डेस्क त्याहून नवं. म्हणजे ते येऊन बराच काळ झाला होता, पण कुणी हात लावू दिला नसल्यामुळे नवंच राहिलं होतं. हॉलच्या व्यवस्थापकांनी काकांना खुर्ची दिली, पंखा लावला आणि नाही म्हणाले.

"डेस्कचा वापर फक्त हॉलचा तंत्रज्ञ करू शकतो."

"मग त्यांना भेटतो."

"रजेवर आहे."

"येणार कधी?"

"ते त्याने अर्जात लिहायला हवं होतं."

"दुसरं कुणी नाही चालणार?"

"चालेल की. ज्याच्याकडे प्रशिक्षणाचा दाखला आहे असं कुणीही."

"दाखला कोण देतं?"

"तंत्रज्ञ."

काका स्वतः आवक-जावकमधले. या उत्तराचा घाट त्यांनी जाणकाराच्या नजरेने न्याहाळला आणि मनातल्या मनात दादही दिली. कुठे फट म्हणून नव्हती. ते उठायला लागले, तशी व्यवस्थापकांना त्यांची दया आली असावी. ते हळूच म्हणाले, "वापर करता येत नाही. पण पाहणी करता येते. नागरिक म्हणून कुणीही हॉलच्या यंत्रांची पाहणी करू शकतो."

"पाहणी करताना बटण दाबलं गेलं तर?"

"पाहणीत तेवढं होतंच," व्यवस्थापक म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

तर अशा रीतीने काका पाहणी करू लागले. ऑफिसातून रजा काढून, सकाळच्या वेळी, कारण हॉल फक्त सकाळचाच मोकळा मिळत होता. त्या वेळी नट मंडळी आपापल्या नोकऱ्यांवर. म्हणजे दिवे होते तिथे माणसं नव्हती आणि माणसं होती तिथे, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, नुसता एक बल्ब होता. दोघांची गाठ पडणार होती ती थेट प्रयोगातच.

डेस्कची खोली बाल्कनीच्या मागे, एका अरुंद जिन्यावर. समोर न उघडणारी जाड काच. रंगमंच दिसे छान, पण ऐकू काही येत नसे. आवाज आत आणणारा स्पीकर भिंतीवर होता. त्याच्या आत काही नव्हतं. "मागवलंय," व्यवस्थापकांनी सांगितलं. दारावर पाटी होती: यंत्र थंड राहण्यासाठी दार सदैव बंद ठेवावे. खोली थंड करणारं यंत्र बंद होतं, पण पाटी चालू होती. काकांनी हयातभर पाट्यांचा मान राखला होता. ते दार लावून, घाम पुसत, पाहणी करत.

डेस्क म्हणजे एक लांबट काळं धूड. वर-खाली सरकणाऱ्या बटणांच्या रांगा, एक छोटासा पडदा, आणि उजव्या कोपऱ्यात एक मोठं हिरवं बटण. त्यावर नुसतं 'गो' लिहिलेलं. काकांनी माहितीपुस्तिका वाचून जे ज्ञान मिळवलं ते असं. प्रत्येक सरकत्या बटणाला एकेक दिवा बांधलेला. हवी ती बटणं हवी तेवढी वर सारून उजेड जमवायचा आणि 'रेकॉर्ड' दाबायचं. यंत्र तो उजेड पाठ करून ठेवतं. त्याला म्हणायचं क्यू. मग पुढचा उजेड, पुढचा क्यू. प्रयोगात दर वेळी 'गो' दाबलं की यंत्र आपलं आपण एका उजेडातून दुसऱ्या उजेडात जातं. म्हणजे नाटक यंत्रालाही पाठ असतं. सचिवांपेक्षा नक्कीच बरं.

पहिल्या सकाळी काकांनी पहाट केली. पिवळा जरासा, वरून केशरी, खिडकीतून एक तिरीप. स्वतःच्या हाताने पहाट केल्यावर माणसाला जरा बरं वाटतंच. मग त्यांनी न्याहारी केली, दुपार केली, संध्याकाळ केली, आणि रात्र करायला घेतली तेवढ्यात खरीच रात्र झाली. व्यवस्थापकांनी जेवणाच्या सुटीत मेन स्विच बंद केला होता.

"सेव्ह नव्हतं केलं?" व्यवस्थापकांनी घास चावत विचारलं.

"सेव्ह करणं पाहणीत बसतं का, याची खात्री नव्हती," काका म्हणाले. हे ते खरोखर मनापासून म्हणाले होते.

दुसऱ्या खेपेला सगळं पुन्हा केलं. पूर्ण झाल्यावर ध्यानात आलं की एक लाल दिव्याचं बटण चुकून सगळीकडे वरच राहिलंय. पहाट लाल, दुपार लाल. काका ते काढत असतानाच डॉक्टर दोन रुग्णांच्या मधल्या वेळात डोकावले.

"हा लाल काढू नका हो! केवढं बोलतोय तो. सुजलेल्या हिरडीसारखं या कुटुंबाचं दुःख दिसतंय त्यातून."

"राहून गेलाय तो."

"कलेत बरंच काही राहूनच जातं," डॉक्टर म्हणाले, आणि न्याहारीत लाल ठेवायला लावून पळाले.

डॉक्टरांना मग दिव्यांची चटकच लागली. रोज फोन. चौथ्या आणि पाचव्या क्यूच्या मध्ये सूर्य जरा ढगाआड जाऊ दे. आता यंत्राची सोय अशी की दोन क्यूंच्या मध्ये नवा घालायचा तर त्याला मधला आकडा देता येतो. काकांनी साडेचार केला. मग डॉक्टरांना ढगातून बाहेर येणारा सूर्य हवा झाला, तो पावणेपाच. सुनेच्या डोळ्यांत पाणी येतं तिथे काहीतरी हवं, ते सव्वाचार. त्यानंतर सव्वाचार आणि साडेचारच्या मध्ये डॉक्टरांना चिमणी उडून गेल्याची सावली सुचली, तेव्हा काकांनी पहिल्यांदा आवाज चढवला. "डॉक्टर, आता आकडे संपले!" आकडे संपत नसतात हे दोघांनाही ठाऊक होतं. पण डॉक्टर गप्प बसले, आणि काकांना त्या दिवशी जेवण गोड लागलं.

*

तोवर सोसायटीत बातमी पसरली होती आणि सल्ल्यांची आवक सुरू झाली होती. जावक शून्य. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त प्राध्यापकांनी काकांना लिफ्टमध्ये गाठलं. "आधी एक ठरवा. अंधार म्हणजे प्रकाशाचा अभाव, की प्रकाश म्हणजे अंधारातला व्यत्यय?" काकांनी दोन मजले विचार केला आणि तिसऱ्यावर त्यांनाच विचारलं, "काय ठरवू?" प्राध्यापक समाधानाने उतरून गेले. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "काकूंना गुलाबी टाका हो, वय झाकतं." काकू आतून म्हणाल्या, "माझं वय मला हवंय."

खरी अडचण मात्र कुणाच्याच लक्षात येत नव्हती. वरच्या खोलीत ऐकू येत नाही, मग 'गो' कधी दाबायचं ते कळणार कसं? विंगेतून कुणीतरी खूण करायला हवी. पण डॉक्टरांनी स्वतःला घरमालकाची भूमिका वाटून घेतली होती, त्यामुळे ते नाटकभर आत-बाहेर असणार. फक्त शेवटी, स्वगताच्या वेळी, ते विंगेत मोकळे असणार होते. "अंधार कधी करायचा ते मी टॉर्चने दाखवीन. बाकीचं तुम्ही बघा."

बाकीचं मेव्हण्याने बघितलं. काकूंचा हा धाकटा भाऊ कपडे धुण्याच्या यंत्रांच्या दुकानात विक्रेता होता. जगातला प्रत्येक प्रश्न तो त्या यंत्राच्या आधारे सोडवी आणि एरवी बऱ्यापैकी सुटेही.

"भावजी, तुम्ही कुठल्या जमान्यात आहात? बटण दाबत कोण बसतं? आमच्या यंत्रात एकदा कपडे घातले की भिजवणं, घुसळणं, खळबळणं, पिळणं, सगळं आपोआप. तुमच्या डेस्कलाही ते असणारच. हा क्यू झाला की अमुक वेळाने पुढचा, असं भरून ठेवायचं. पहाटे एकदा 'गो' दाबा, आणि हात बांधून बसा. डायरेक्ट पडद्याला उठा."

हात बांधून बसण्याची कल्पना ऐकूनच काकांच्या पाठीला आराम पडला. पुस्तिकेत ती सोय निघालीही. आता फक्त कोणता प्रसंग किती वेळ चालतो तेवढं मोजायचं. नट मंडळींच्या तालमीत सचिवांना रोज नवीन वाक्यं सुचत, तिथे मोजून उपयोग नव्हता. पण अख्खं नाटक मुखोद्गत असलेलं माणूस घरातच होतं.

मग रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात प्रयोग व्हायचा. काकू भाजी चिरता चिरता सगळ्यांची सगळी वाक्यं म्हणत आणि काका मोबाइलवर वेळ लावून बसत. काकू वडील होत, सून होत, घरमालक होत, आणि मध्येच "अहो, ते पातेलं द्या" म्हणत. ती वेळ काका प्रामाणिकपणे वजा करत. वाक्यं एकामागून एक पडत, नळाला पाणी आल्यासारखी. स्वतःचं स्वगतही काकू त्याच चालीत म्हणून टाकत: "सगळे येतात, सगळे जातात, दार मात्र मला लावावं लागतं, आज राहू दे उघडं, झालं, अंधार." आणि कुकर उतरवायला वळत.

"किती चुस्त नाटक आहे!" काका म्हणाले. "डॉक्टर बोलतात त्याच्या मानाने लिहितात कमी."

सगळ्या वेळा काकांनी डेस्कमध्ये भरल्या. सेव्ह केलं. पुन्हा सेव्ह केलं. आवक-जावकच्या माणसाला एका नोंदीवर झोप लागत नाही.

*

प्रयोग रविवारी दुपारचा. हॉल भरलेला; सोसायटीची माणसं, त्यांचे नातेवाईक, डॉक्टरांचे रुग्ण. दार लावून, इस्त्रीचा शर्ट घालून, काका डेस्कमागे बसले. पडदा सरकला. काकांनी देवाचं नाव घेतलं, 'गो' दाबलं आणि हात बांधले.

पहाट अशी झाली की काचेतूनही प्रेक्षकांच्या माना वर झालेल्या दिसल्या. मागच्या खुर्चीत काकू विणत होत्या, सुई अंमळ जास्तच जोरात चालत होती. सचिव आले. वडिलांनी येऊन खुर्चीत बसायचं आणि "चहा झाला का?" विचारायचं, एवढंच होतं. पण सचिवांसमोर प्रथमच भरलेला हॉल होता. त्यांनी खिडकीपाशी जाऊन सूर्याला नमस्कार केला. चष्मा काढला. पुसला. लोकांकडे बघितलं. पुन्हा पुसला. टाळी येते का याची वाट बघितली. मग खुर्चीचा पाय हलतो का ते तपासलं.

ते बसले तेव्हा न्याहारीचा उजेड येऊन, हिरडीसकट, निघून गेला होता. "चहा झाला का?" असं काहीतरी त्यांचे ओठ म्हणाले, तेव्हा भरदुपार तळपत होती.

काकांनी बांधलेले हात सोडले.

सुनेने चहा आणला. डोळ्यांतल्या पाण्याचा सव्वाचार कपबशी ठेवताना झाला, आणि नाटकात मुळीच नसलेलं एक दुःख त्या कपबशीला प्राप्त झालं. सचिवांनी साखर ढवळायला घेतली तोवर सूर्य ढगाआड जाऊन बाहेरही आला होता. ते ढवळतच राहिले, आणि खिडकीबाहेर हळूहळू, अत्यंत मोहक रंगांत, सूर्य मावळला. त्या सूर्यास्तावर काकांनी दोन सकाळी खर्ची घातल्या होत्या. न्याहारी अजून झाली नव्हती.

काय चुकलं ते काकांना तेव्हा लख्ख कळलं. त्यांनी नाटक मोजलं होतं ते प्रॉम्प्टरच्या तोंडून. प्रॉम्प्टर चष्मा पुसत नाही, साखर ढवळत नाही, टाळीसाठी थांबत नाही. प्रॉम्प्टरचं कामच मुळी दुसऱ्यांची शांतता मोडणं. काकूंच्या वेगाने हे नाटक कुणी करू शकलंच, तर त्या एकट्या काकू.

मागच्या खुर्चीतून काकूंनी मान वर करून खिडकीकडे बघितलं आणि काहीतरी म्हणाल्या. सगळं प्रेक्षागृह हसताना हललं. (त्या म्हणाल्या होत्या, "आज आभाळ फारच भरून आलंय बाई." आत्याला तिथे वाक्य नव्हतं.) सून लगबगीने बोलू लागली, घरमालक झालेले डॉक्टर वेळेआधीच धावत आले, सगळे दिवसाला गाठायला निघाले, फक्त सचिव ढवळत होते.

काकांनी मागे जाण्याचं बटण दाबलं. संध्याकाळ उलटी फिरली, दुपार झाली, आणि यंत्र शिकवल्याप्रमाणे पुन्हा पुढे धावलं. त्या घरात दुसऱ्यांदा सूर्य मावळला. रात्र पडली. आणि मग काकांना जे बघवेना ते झालं: मागच्या खुर्चीवरचा तो एकुलता दिवा, काकूंच्या शेवटच्या बोलण्यासाठी राखलेला, उबदार, ना गुलाबी ना निळा, सचिवांच्या न्याहारीत लागला. काकू त्यात सुई वर धरून बसलेल्या, तोंडात बिस्कीट. लोक हसले. दिवा विझला. अंधार.

काकांनी मेव्हण्याला फोन लावला. दुकानात रविवारची गर्दी होती.

"अरे, सगळं संपलं! शेवटपर्यंत धावलं ते!"

"पिळणं झालं? मग आता दार उघडा," मेव्हणा सवयीने म्हणाला आणि त्याने दुसरं गिऱ्हाईक घेतलं.

काकांनी दाराकडे बघितलं. पाटी आतूनही लावलेली होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक पाटी ओलांडली. दार भिंतीला आपटेल असं उघडलं. आणि बाल्कनीतून, अंधारातून, सचिवांचा आवाज स्वच्छ ऐकू आला: "सूनबाई, साखर कमी आहे."

एवढं सोपं होतं. काकांना रडूच आलं असतं, पण वेळ नव्हता. त्यांनी यंत्राचं सगळं पाठांतर एका बटणाने बाजूला सारलं आणि सरकती बटणं हातात घेतली. पाहणी करून करून बोटांना ती ठाऊक झाली होती. पिवळं वर, केशरी थोडं, खिडकीची तिरीप. दुसऱ्यांदा सकाळ झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि सचिव उठून लवून उभे राहिले.

तिथून पुढे काकांनी अख्खा दिवस हाताने ढकलला. सुनेचा आवाज जड झाला की उजेड जड, घरमालक ओरडला की कडक दुपार. पाठ मोडायला आली. दारात व्यवस्थापक उगवले.

"दार बंद करा! आणि हे काय, तुम्ही चक्क वापर करताय!"

"पाहणी चालू आहे," काका मागे न बघता म्हणाले. असा आवाज त्यांनी ऑफिसात एकदा जरी काढला असता तर आज ते विभागप्रमुख असते. व्यवस्थापक दारालाच टेकून नाटक बघत उभे राहिले.

*

शेवटी सगळे झोपायला गेले. काकांनी बाकीचे दिवे एकेक करून उतरवले आणि खुर्चीवरचा तो दिवा चढवला. काकू उठल्या. मघाशी याच दिव्यात लोक हसले होते. आताही कुठेतरी एक हसू फुटलंच. काकांनी ओठ आवळले.

"सगळे येतात," काकू म्हणाल्या. "सगळे जातात. दार मात्र मला लावावं लागतं."

आणि थांबल्या.

हसू बंद झालं. काकू समोर बघत उभ्या होत्या. पुढचं वाक्य काकांना पाठ होतं, स्वयंपाकघराला पाठ होतं, कुकरलाही पाठ होतं. आज राहू दे उघडं. काकूंच्या तोंडून ते येईना. साऱ्या मंडळाला वाक्यं पुरवणाऱ्या बाईचं वाक्य हरवलं होतं, आणि विंगेतलं स्टूल रिकामं होतं.

विंगेत टॉर्च चमकला. डॉक्टर. पुन्हा चमकला, मग घाईघाईने चमकतच राहिला: घालवा, घालवा, अंधार करा, झाकून टाका.

झाकता आलं असतं. एक बोट खाली आलं की पडदा पडणार, कुणाला काही कळणार नाही, डॉक्टर म्हणतील वेळ साधलीत. पण तिने एवढंच मागितलं होतं. मी दिसले पाहिजे. विसरलेली दिसली तरी चालेल का, हे काही तिने सांगितलं नव्हतं, आणि आता विचारायची सोय नव्हती. काकांनी बोट हलवलं नाही. ते ओठांतल्या ओठांत ते वाक्य म्हणत राहिले, पुन्हा पुन्हा, जणू तिथून पोचणार होतं. खोकला नाही, खुर्ची वाजत नाही.

"आज," काकू म्हणाल्या, "राहू दे उघडं."

काकांनी बटण खाली आणलं. इतकं सावकाश की अंधार कधी झाला ते त्यांनाही कळलं नाही.

*

टाळ्या बऱ्याच वेळ चालल्या. प्राध्यापकांनी जिन्यात काकांचा हात दाबला. "न्याहारीला सूर्यास्त! एका घरातली माणसं वेगवेगळ्या वेळेत जगतात, हे तुम्ही दिव्यांनी सांगितलंत." डॉक्टर जवळच होते, "ते मी लिहिलेलंच होतं," म्हणाले. मग काकांना बाजूला घेऊन चिडून विचारलं, "मी टॉर्च दाखवत होतो, दिसला नाही?"

"नाही दिसला," काका म्हणाले. खोटं बोलल्यावर छातीत धडधडेल असं त्यांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

काकूंना बायकांनी घेरलं होतं. ती थांबलात ना, ती काय थांबलात! अंगावर काटा आला. कुठे शिकलात? काकू नुसत्या हसत होत्या.

घरी जाताना दोघं पायीच निघाली. ऊन उतरलं होतं. काकूंच्या तोंडाला रंग तसाच, हातात विणकामाची पिशवी. काका कमरेवर हात ठेवून चालत होते. कोपऱ्यावर वळल्यावर काकांनी विचारून टाकलं.

"विसरली होतीस ना गं?"

"मी?" काकू चालता चालता थांबल्या. "मला काय झालंय विसरायला?"

"मग थांबलीस ती?"

"संहितेत लिहिलंय तिथे. कंसात. 'थांबते'." काकू पुन्हा चालू लागल्या. "कंसातलं प्रॉम्प्टरने वाचायचं नसतं. म्हणून घरी कधी म्हटलं नाही."

सगळ्या नाटकात असे किती कंस असतील, हा विचार काकांनी मनात येऊ दिला नाही.

"पण एवढा वेळ?"

"किती वेळ ते कुठे लिहिलंय! डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, आतून उमजेल. आतून काही उमजेना. म्हटलं, तुमचा दिवा जरा हलला की बोलायचं. मी तुमच्या दिव्याकडे बघत उभी, आणि तुम्ही काही हलवेनात!"

"अगं, मी म्हटलं तू बोललीस की हलवायचा!"

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. मग दोघांनीही रस्त्याकडे बघितलं, कारण समोरून समोरच्या वहिनी येत होत्या आणि असं रस्त्यात हसणं बरं दिसलं नसतं.

"शेवटी पोटरीत गोळा आला," वहिनी पुढे गेल्यावर काकू म्हणाल्या, "म्हणून बोलले."